दुखत नाही, म्हणूनच पाय रोज बघायचे

प्रश्न : आमच्या मामंजींना बरीच वर्षं शुगर आहे. मागच्या महिन्यात खोडव्यात पाचट पसरताना उसाचा बुडखा तळव्यात घुसला, त्यांना कळलंसुद्धा नाही, रात्री चादरीला रक्त लागलेलं दिसलं तेव्हा समजलं. जखम आता भरलीय पण अजून अनवाणीच फिरतात, बोललं की म्हणतात "मला काय दुखत नाही, उगं घोर लावू नकोस". कसं समजवायचं?
– एक सून, पलूस तालुका

उत्तर : ताई, मामंजी खरंच बोलतायत, त्यांना दुखत नाही आणि काळजी त्याचीच आहे. शुगर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात, मग काटा, चटका, चपलेतला खडा काहीच जाणवत नाही. हे सांगून पटणार नाही, करून दाखवा. त्यांना डोळे मिटून बसवा, दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी अशा सहा टोकांना तुमचं बोट एक-दोन सेकंद नुसतं टेकवा, दाबू नका, आणि लागलं की 'हो' म्हणायला सांगा. दोन किंवा जास्त ठिकाणी 'हो' आलं नाही तर संवेदना कमी झालीय असं धरा आणि डॉक्टरांकडून पाय तपासून घ्या. सुनेचा हात लागला आणि आपल्याला कळलं नाही, हे स्वतः अनुभवलं की माणूस ऐकायला लागतो.

मग रोजचं काम त्यांच्यावरच सोपवा. रानातून आलं की पाय धुवायचे, बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसायच्या, उजेडात तळवे बघायचे, वाकता येत नसेल तर आरसा खाली ठेवून, आणि काय दिसलं ते त्यांनीच तुम्हाला सांगायचं. तुम्ही बघून दिलंत तर सवय तुम्हाला लागेल, त्यांना नाही. भेगांना खोबरेल लावा पण बेचक्यांत नको. अंघोळीचं पाणी कोपराने बघायचं.

रानात बंद बूट, घालण्याआधी झटकून आत हात फिरवायचा. एरवी मागे पट्टा असलेली एमसीआरची, म्हणजे मऊ रबरी तळाची चप्पल, माप संध्याकाळी द्यायचं कारण तोवर पाय थोडे फुगलेले असतात. औदुंबरला दर्शनाला जात असतील तर उन्हाळ्यात सकाळी लवकर जाऊ दे, तापलेल्या फरशीने फोड आला तरी त्यांना कळणार नाही.

कुरूप ब्लेडने कापू नका, कॉर्नची पट्टीही नको, त्यातल्या अ‍ॅसिडने चांगली कातडी जळते. आणि आपल्याकडे हळद घरचीच, म्हणून जखमेत दाबून भरतात, ते कृपा करून बंद करा, खाली काय चाललंय ते दिसतच नाही. लाली, सूज, पू, वास, काळपटपणा यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना, दुखत नसलं तरी.

बुडख्याची ती जखमही एकदा दाखवाच, आत तुकडा राहिला तर वरून कातडी मिटते आणि आत पू होत राहतो. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं नसेल तर तेही तेव्हाच विचारून घ्या.