बिजागरी धड आहे, पण पत्रा गेला

प्रश्न: नमस्कार दादा, आमच्याकडे 1999 ची मारुती एस्टीम आहे, बाबांनी घेतलेली, गाडी कायम रत्नागिरीतच असते आणि घर समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर. मागच्या महिन्यात डिकी उघडताना कट्ट असा आवाज आला आणि क्लीनर साइडनं झाकण एकदम तिरकं झालं, आता बंद करताना बाजूच्या पत्र्याला घासतं. टॉर्च मारून बघितलं तर बिजागरी ठणठणीत आहे पण ती ज्या पत्र्यावर बसलीय तोच फाटलाय, बोट लावलं की गंजाचे पापुद्रे निघतात. इथले एक मेकॅनिक म्हणाले बिजागरी आहे तिथेच वेल्डिंग मारून देतो, अर्ध्या तासाचं काम. मारून घेऊ का? सध्या झाकण दोरीनं बांधून ऑफिसला जातेय. (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर: ताई, सगळ्यात आधी ती दोरी. झाकणाला फट राहिली की चालत्या गाडीच्या मागे जी हवा फिरते ती सायलेन्सरचा धूर डिकीत ओढते आणि तिथून तो मागच्या सीटमधून आत येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, डोकं जड झालं, झोप यायला लागली तरी आपल्याला वाटतं ऑफिसचा थकवा आहे. रबर बीडिंगवर झाकण सगळीकडून दाबून बसत नसेल तर काम होईपर्यंत गाडी उभी ठेवा, रोज फिरवू नका.

आता वेल्डिंगचं. आहे तिथेच मारू नका. गंजलेल्या पत्र्यावर वेल्डिंग धरतच नाही, एकतर भोक पडतं नाहीतर वरून गोळा बसतो आणि आत काहीच पकडलेलं नसतं, आणि बिजागरी थेट बॉडीला चिकटवली की पुढे झाकणाची लेव्हल करायला जागाच उरत नाही. दोन महिन्यांनी शेजारचा पत्रा फाटणार, तेव्हा काम दुप्पट झालेलं असेल. तुमची बिजागरी धड आहे हे तुम्हीच बघितलंय, म्हणजे बदलायचाय तो तिच्या खालचा आधार.

पण त्याच्याही आधी पाणी कुठून येतं ते शोधा, मला हे फार महत्त्वाचं वाटतं कारण लोक नेमकं हेच सोडतात. खारी हवा आहेच, पण आतून इतका पत्रा कुजला म्हणजे बहुतेक पाणी साचतंय. डिकीतली मॅट, स्टेपनी सगळं काढा, कोरडं पुसा, खाली वर्तमानपत्रं पसरा, झाकण बसेल तेवढं बसवा आणि वरून पाइपनं हळू पाणी सोडा, आधी मागच्या काचेच्या रबराजवळ, मग बीडिंगवर, मग टेललाइटभोवती. एका वेळी एकच जागा, आणि दर वेळी उघडून कागद कुठे भिजला ते बघायचं. झाकणाखालची पन्हळ पानांनी, मातीनं भरली असेल तर ती आधी साफ करा, बऱ्याचदा तेवढ्यानंच भागतं.

खोलताना एका गोष्टीला जपा. बऱ्याच सेदान गाड्यांत मागच्या काचेखाली आडवे दोन पीळ दिलेले स्टीलचे दांडे असतात, टॉर्शन बार म्हणतात, झाकण वर उचलून धरायचं काम त्यांचं. त्यांच्यात ताण भरलेला असतो, नुसता पक्कडीनं ओढला तर सुटून तोंडावर किंवा मनगटावर बसतो. झाकण पूर्ण उघडं ठेवायचं, त्याला लाकडाचा टेकू द्यायचा, दांड्याच्या टोकावर पाइप चढवून हळूहळू ताण सोडायचा, डोळ्यांना चष्मा हवाच. हे काम घरी एकट्यानं करू नका असं मी स्पष्ट सांगतो. बोल्ट ढिले करण्याआधी बिजागरीच्या कडेनं मार्करनं रेघ ओढून घ्या, नाहीतर परत बसवताना फटी जुळवण्यात अख्खा दिवस जातो. बोल्ट बहुतेक 12 च्या पान्याचे असतील, आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा म्हणजे तुटणार नाहीत. झाकण उतरवायला दोन माणसं लागतात आणि नंबर प्लेटच्या दिव्याची वायर बिजागरीजवळून जाते ती आधी सोडवायची.

मग ग्राइंडरनं सडका भाग कापायचा, आणि लखलखीत पत्रा लागेपर्यंत कापायचा, इथे कंजूषी नको. नवीन पट्टी दीड मिलिमीटरच्या पत्र्याची, मूळ आकारात वाकवून, बोल्टची जागा असेल तर मागे नट वेल्ड करून. नुसती बॉडीच्या पत्र्याएवढी पातळ पट्टी लावली तर ती झाकणाच्या वजनानं वाकेल. काम मिग वेल्डिंगनं (विजेवर, आपोआप पुढे सरकणाऱ्या तारेनं होतं ते) करून घ्या, गॅसनं केलं तर आजूबाजूचा पत्रा तापून पिळतो. आधी चार टाके मारायचे, झाकण वर ठेवून दोन्ही बाजूच्या फटी बघायच्या आणि मगच पूर्ण वेल्डिंग, उलटं केलं की मग ठोकाठोकी. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली असावी, मागची सीट आणि कापड बाहेर, शेजारी ओलं गोणपाट आणि बादलीभर पाणी. सीएनजी असेल तर सिलिंडर आधी अधिकृत फिटरकडून उतरवून घ्या, त्याच्या शेजारी ठिणगी उडवायची नाही म्हणजे नाही.

वेल्डिंग झालं की उघडा पत्रा एक रात्रही तसा ठेवू नका, रत्नागिरीत सकाळपर्यंत तांबूस होतो. प्रायमर, जोडावर सीलंट, मग रंग, आणि पोकळीत आतून गंजरोधक मेण फवारून घ्या. ती आतली बाजू कुणाला दिसत नाही म्हणूनच तिथे कुणी काही करत नाही आणि गंज तिथूनच सुरू होतो.

बनवून घेण्यापेक्षा तयार तुकडा हवा असेल तर एस्टीमचा जुना माल कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्यात नाना पेठेत विचारून बघा, नुसतं झाकण मागू नका, बिजागरीसकट कापलेला बॉडीचा तुकडा मागा आणि मागची बाजू नखानं खरवडून बघा. तुम्हाला कोल्हापूर जवळ, उद्यमनगरात पत्र्याचं काम करणारे चांगले कारागीर आहेत, जुना तुकडा नमुना म्हणून द्या. गाडी बाबांची आहे, इंजिन धड असेल तर या एका पत्र्यासाठी ती भंगारात देऊ नका.

प्रश्न: आमच्या जुन्या गाडीची डिकी उघडून धरली की हळूहळू खाली येते, पत्रा बिजागरी सगळं नीट आहे. काय बदलायचं? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: टॉर्शन बार असतील तर बिजागरीजवळच्या ब्रॅकेटमध्ये बऱ्याचदा दोन-तीन खाचा असतात, दांड्याचं टोक एक खाच पुढे सरकवलं की जोर वाढतो, वर लिहिलेली काळजी इथेही घ्यायची. गॅसचे शॉकअप (झाकण उचलून धरणाऱ्या गॅस भरलेल्या नळ्या) असतील तर ते दुरुस्त होत नाहीत, दोन्ही एकदम बदला. एकच नवीन टाकला तर सगळा जोर त्या एका बाजूला येतो आणि झाकण पिळतं. आणि डिकी बंद करताना मधोमध हात ठेवून दाबा, कोपऱ्यातून नको.