अभिमानाची गोष्ट सांगताना

प्रिय मुली,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा मसुदा दोनदा वाचला. ‘तुम्हाला सर्वांत जास्त अभिमान वाटतो असा एक प्रसंग सांगा’ एवढाच प्रश्न होता आणि तू दीड पानात सात यशं मांडली आहेस. त्यातलं एकही खोटं नाही, तरी वाचून झाल्यावर तू डोळ्यांसमोर येत नाहीस. यादीचं नेहमी असंच होतं. सातव्या ओळीतलं निबंध स्पर्धेचं उत्तेजनार्थ बक्षीस पहिल्या ओळीतल्या मोठ्या कामालाही हलकं करून टाकतं. तेव्हा सहा खोड. जिवावर येईल, पण खोड.

कोणतं ठेवायचं हे बक्षिसाच्या आकारावरून ठरवू नकोस. प्रत्येक प्रसंगाला आधी विचार, याचं प्रमाणपत्र मिळालं नसतं, कुणाला कळलंही नसतं, तरी मला अभिमान वाटला असता का? अर्धी यादी इथेच गळते. जे उरेल त्याला दुसरा प्रश्न विचार: हे करण्याआधी मला काय जमत नव्हतं? याचं उत्तर एका वाक्यात आलं नाही, तर तो प्रसंग चांगला असेल, पण सांगण्याजोगा अजून झालेला नाही.

प्रसंग ठरला तरी त्यातला क्षण वेगळा शोधावा लागतो, आणि तो सहसा निकालाच्या दिवशी सापडत नाही. मॅरेथॉन धावणाऱ्याचं बघ. पदक गळ्यात पडतं 42.195 किलोमीटरला. पण खरी परीक्षा बहुतेकांची 30-32 किलोमीटरच्या आसपास होते. स्नायूंतला साखरेचा साठा संपत आलेला असतो, पाय दगड होतात; धावणारे त्याला ‘वॉल’ म्हणतात. तिथे थांबायचं नाही असं ज्याने ठरवलं, त्याच्या अभिमानाचा क्षण तो. पदकाचा फोटो सगळ्यांकडे सारखाच असतो, 31व्या किलोमीटरला काय झालं हे मात्र ज्याचं त्यालाच ठाऊक. सांगायचं ते तेच.

आता तुझ्या ग्रंथालयाच्या कामाकडे येते. माझ्या मते सातातलं ठेवण्याजोगं तेच आहे. तू लिहिलं आहेस: ‘ग्रंथालयाच्या संगणकीकरणात मी महत्त्वाची भूमिका बजावली व अल्पावधीत काम यशस्वीरीत्या पूर्ण केले.’ हे वाक्य कुणाच्याही नावावर खपेल. ‘महत्त्वाची भूमिका’ म्हणजे काय केलंस? ‘अल्पावधी’ म्हणजे किती? ‘यशस्वीरीत्या’ कशावरून? तुझ्याच टिपणातले तपशील घेऊन ते पुन्हा लिहिलं तर असं होतं:

‘3200 पुस्तकांची नोंद हाताने लिहिलेल्या वह्यांत होती. एखादं पुस्तक आहे की नाही हे सांगायला वीसेक मिनिटं लागायची. आम्ही चौघांनी पाच महिन्यांत पूर्ण यादी संगणकावर चढवली. नोंद कशी करायची ते ठरवणं आणि प्रत्येक दाखल क्रमांक मूळ वहीशी ताडून पाहणं हे माझं काम. आता उत्तर मिनिटाभरात मिळतं.’

इथे कौतुकाचं एकही विशेषण नाही. आकडे मोजकेच आहेत, पण ‘वीसेक मिनिटं’ आधी आलं म्हणून ‘मिनिटाभरात’ला वजन आलं. आधीची स्थिती न सांगता दिलेला आकडा लटकत राहतो. ‘विक्री 40 टक्क्यांनी वाढवली’ असं कुणी म्हटलं की जाणता ऐकणारा मनात विचारतो, पाचाची सात झाली की पाच हजारांची सात हजार? टक्का एकच, काम वेगळं. म्हणून टक्क्याच्या शेजारी मूळ आकडा ठेवावा. आणि आकडा आठवत नसेल तर अंदाजाला ‘सुमारे’ लाव, फुगवू नकोस. पुढच्या प्रश्नात तो पकडला गेला की खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो.

पण यातही क्षण अजून आलेला नाही. तो तुझ्या टिपणाच्या समासात, कंसात पडला होता: वहीत ज्याच्यापुढे लाल शाईत ‘गहाळ’ असा शेरा होता ते पुस्तक पडताळणीत भलत्याच कपाटात सापडलं, आणि तू तो शेरा खोडून तारीख घातलीस. हेच हवं होतं. लाल शाई, कपाट, खोडलेला शब्द. ऐकणारा तिथे तुझ्या शेजारी उभा राहतो. हा तुकडा शेवटी न ठेवता सुरुवातीला घे आणि मग मागे जाऊन काम सांग. बोलून दाखवायचं असेल तर दीड मिनिट पुरे. मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द धर, म्हणजे पावणेदोनशेच्या आत. घड्याळ लावून मोठ्याने वाच. मनात वाचलेलं नेहमी लवकर संपतं.

‘मी’ म्हणू की ‘आम्ही’, असं तू विचारलं आहेस. दोन्ही, आणि जागच्या जागी. सगळीकडे ‘आम्ही’ घातलं तर विनय दिसेल, पण तू काय केलंस ते कळणार नाही, आणि मुलाखतीत तेच तर विचारलेलं असतं. सगळीकडे ‘मी’ घातलं तर उरलेल्या तिघांपैकी कुणीतरी ते वाचेल, हे लक्षात ठेव. आपला वाटा आपल्याला मोठा दिसतो, त्यात लबाडी नसते. रॉस आणि सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी 1979 साली नवरा-बायकोंना घरकामातला आपापला वाटा वेगवेगळा विचारला, तर दोघांच्या उत्तरांची बेरीज पूर्ण कामापेक्षा जास्त भरली. आपण केलेलं आपल्याला आठवतं, दुसऱ्याने केलेलं बरंचसं आपल्यासमोर घडलेलंच नसतं. म्हणून सांगण्याआधी आठवायला बस: सुरुवात कुणी करून दिली, अडलं तेव्हा कुणी सोडवलं, कुणाचं काम वाया गेलं म्हणून आपलं जमलं?

हा शेवटचा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. एव्हरेस्टच्या पहिल्या यशस्वी मोहिमेत 26 मे 1953 रोजी टॉम बोर्डिलन आणि चार्ल्स इव्हान्स दक्षिण शिखरापर्यंत पोचले आणि मुख्य शिखर जेमतेम शंभर मीटर वर असताना परतले. तीन दिवसांनी हिलरी आणि तेनसिंग वर गेले. उतरताना त्यांना जो ऑक्सिजन कामी आला, तो बोर्डिलन-इव्हान्सनी वाटेत ठेवलेल्या बाटल्यांतला होता. शिखरावर आधी पाय कुणाचा, यावरून तेव्हा जगभर काथ्याकूट झाला. दोघांनी ठरवून ‘आम्ही एकत्र पोचलो’ एवढंच सांगितलं. पुढे 1955 मध्ये तेनसिंग यांनीच आपल्या आत्मकथनात लिहिलं की हिलरी पुढे होते, आपण मागोमाग. आणि शिखरावरचा जो फोटो सगळ्यांना माहीत आहे तो तेनसिंग यांचा. तो हिलरींनी काढला; त्यांचा स्वतःचा तिथला फोटोच नाही. तुझ्या यशाच्या फोटोत कॅमेऱ्यामागे कोण होतं ते नावानिशी लिही. ‘सर्वांचे आभार’ या दोन शब्दांनी कुणालाच काही मिळत नाही. ‘वाळवी लागलेल्या दोन वह्या अमुकने सुट्टीच्या दिवशी बसून उतरवून काढल्या’ या वाक्याने मिळतं.

तुझ्या मसुद्यात ‘माझ्यासारख्या सामान्य मुलीची निवड कशी झाली कोण जाणे’ असं एक वाक्य आहे. काढ. हे विनयाचं सोंग आहे आणि ते लगेच ओळखू येतं. सेझर, जिनो आणि नॉर्टन यांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तक्रारीच्या किंवा विनयाच्या आडून मारलेली फुशारकी लोकांना उघड फुशारकीपेक्षाही कमी रुचली, कारण ती प्रामाणिक वाटत नाही. सरळ म्हण, ‘निवड झाली, खूप आनंद झाला.’ ‘नम्रपणे सांगू इच्छिते’ हे तर मला अजिबात सहन होत नाही. नम्र माणसाला ते जाहीर करावं लागत नाही.

अपयश सांगावं का? सांगावं, फक्त ते खरं असावं आणि त्याचा या यशाशी संबंध असावा. ‘मी फार परिपूर्णतेच्या मागे लागते’ हे अपयश नव्हे. तुमचे पहिल्या महिन्यातले सहाशे नोंदींचे श्रम पुन्हा करावे लागले, कारण लेखकाचं आडनाव आधी की नाव आधी हे कुणी ठरवलंच नव्हतं, हे अपयश. यश मिळवलेल्या माणसाने वाटेतले फसलेले प्रयत्नही सांगितले तर ऐकणाऱ्याच्या मनातला जळफळाट कमी होतो, असं ॲलिसन वुड ब्रुक्स आणि सहकाऱ्यांच्या 2019च्या अभ्यासात दिसलं. पण दोन वाक्यांत आटप. त्यापुढे गेलीस की ते रडगाणं होतं.

कुणाला आधी सांगायचं, यात लोक सर्वांत जास्त चुकतात. क्रम असा ठेव: ज्यांनी सोबत काम केलं ते, मग ज्यांनी तुझ्यासाठी काही सोसलं ते, मग तीच जागा हवी असून ज्यांना मिळाली नाही ते, आणि या सगळ्यांनंतर जग. पहिल्या तीन गटांतल्यांना प्रत्यक्ष किंवा फोनवर, एकेकट्याला. सगळ्यांसाठी टाकलेल्या संदेशातून जवळच्या माणसाला कळलं तर तो अभिनंदन करेल, पण ते मनात धरेल. तिसऱ्या गटाशी बोलताना थोडक्यात सांग आणि लगेच ‘पुढच्या वेळी तुझं नक्की होणार’ असला धीर देऊ नकोस; त्यांनी तो मागितलेला नसतो. मात्र वाईट वाटेल म्हणून लपवूही नकोस. यश लपवलेलं नंतर कळलं की दुखतं ते यश नव्हे. ‘हिला वाटलं मला हे झेपणार नाही’ हे दुखतं. रॉबर्ट्स, लेव्हाइन आणि सेझर यांनी 2021 मध्ये याच लपवण्यावर काम केलं आहे, निष्कर्ष साधारण हाच.

केव्हा, याचं उत्तर सोपं आहे: लेखी हातात आल्यावर. तोंडी होकार म्हणजे बातमी नव्हे. ‘मी अमुक होणार आहे’ हे आधीच जाहीर करणं आणखी घातक. पीटर गॉल्विट्झर यांच्या 2009च्या प्रयोगांत, ज्यांचा संकल्प दुसऱ्याने ऐकून दखल घेतली त्यांनी पुढे त्यासाठी कमी मेहनत घेतली. कौतुकाचा काही भाग आगाऊ मिळाला की पोट भरल्यासारखं होतं.

फोटोबद्दल थोडक्यात. समाजमाध्यमांवर प्रमाणपत्र जसंच्या तसं टाकू नकोस. जन्मतारीख, आसन क्रमांक, क्यूआर कोड आणि सह्या झाक. झाकताना त्यावर गडद चौकोन टाक, धूसर करून भागत नाही. कामाच्या जागेचा फोटो असेल तर मागच्या पडद्यावर किंवा फळ्यावर काय लिहिलंय ते मोठं करून बघ. इतरांचे चेहरे असतील तर विचार.

मग टाकलंस की तासभर फोन बाजूला ठेव. आपला आनंद पाहून लोकांना जितका आनंद होईल असं आपण धरून चालतो तितका होत नाही, आणि वैताग आपल्या अंदाजापेक्षा जास्त होतो. स्कोपेलिती, लोवेन्स्टाइन आणि व्हॉसगेराउ यांनी 2015 मध्ये हे दाखवलं. तेव्हा थंड प्रतिसादाचा अर्थ लावत बसू नकोस. आठवडाभरात तेच यश तिसऱ्यांदा निघालं तर मात्र चूक तुझी.

एक गोष्ट तू विचारली नाहीस. समोरचा आपली अभिमानाची गोष्ट सांगत असताना तू काय करतेस? मानसशास्त्रज्ञ शेली गेबल यांनी अशा वेळच्या प्रतिसादांचे चार प्रकार केले आहेत. मन लावून विचारपूस करणारा, ‘अरे वा, छान’ म्हणून संपवणारा, त्यात खोट काढणारा, आणि विषयच बदलणारा. जिव्हाळा वाढताना दिसतो तो पहिल्याने. आपल्यापैकी बहुतेक जण दुसऱ्यात असतात आणि स्वतःला पहिल्यात समजतात. उपाय एकच: ‘अभिनंदन’नंतर पूर्णविराम न देता प्रश्न विचारायचा. ‘कळलं तेव्हा कुठे होतीस?’ किंवा ‘सगळ्यांत अवघड काय गेलं?’ उत्तर येईपर्यंत आपला तसलाच अनुभव गिळून टाकायचा. असं दहा जणांना विचारलंस तर चांगली सांगितलेली गोष्ट कशी असते हेही तुला या पत्रापेक्षा जास्त कळेल.

जाता जाता, एक वही कर. काम झालं त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पाच ओळी: आधी काय होतं, मी काय केलं, कोण सोबत होतं, काय फसलं, आणि एक तपशील जो डोळ्यांनी पाहिला. महिन्याने आठवून लिहिलंस तर आकडे गोल होतात आणि माणसं गळतात. ‘गहाळ’ची लाल शाई तुझ्या टिपणात होती, म्हणूनच ती आज हाताशी आली.

मसुदा पुन्हा लिहून पाठव. पावणेदोनशे शब्द, त्याहून एकही जास्त नको. आणि त्या सहाशे नोंदींचं पुन्हा काम कुणी केलं, त्यांची नावं मला हवी आहेत.

तुझी,
मावशी