रक्त तपासलं असतं तर सीटी टळला असता का?

प्रश्न : आम्ही निपाणीजवळच्या खेड्यात राहतो. दिवाळीच्या सुट्टीत सहा वर्षांचा मुलगा सहा-सात फुटांच्या माळ्यावरून डोक्यावर पडला, दोनदा ओकला. कोल्हापूरच्या एका खासगी दवाखान्यात रात्रीच डोक्याचा सीटी स्कॅन काढला. नॉर्मल आला. सकाळी पोरगं बिस्कीट खात बसलं होतं, तरी दुसऱ्यांदा काढला. आता पाव्हणे म्हणतात, रक्त तपासून सीटी टाळता येतो. दावा लावता येईल का? त्यासाठी कोल्हापूरला खेटे घालावे लागतील का?

उत्तर : पाव्हण्यांनी वाचलंय ते खोटं नाही, पण अर्धं आहे. मेंदूला इजा झाली की जीएफएपी आणि यूसीएच-एल१ ही प्रथिनं रक्तात उतरतात. ती मोजून सीटी लागेल का, याचा अंदाज घेतात. पण अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०१८ मध्ये या तपासणीला मान्यता दिली ती १८ वर्षांवरच्या रुग्णांसाठी. मुलांसाठी जी तपासणी रुळलेलीच नाही, ती केली नाही हा हलगर्जीपणा ठरत नाही. तक्रारीत हा मुद्दा घालूच नका. समोरचा वकील तो पहिल्याच तारखेला उडवेल, आणि त्याबरोबर तुमचा खरा मुद्दाही वाहून जाईल.

पहिल्या सीटीवरूनही भांडू नका. डोक्याला मार लागलेल्या ४२ हजारांहून जास्त मुलांच्या पाहणीवरून २००९ साली आलेले 'पेकार्न' नियम डॉक्टर वापरतात. दोन वर्षांवरचं मूल पाच फुटांहून उंच जागेवरून पडलं किंवा ओकलं, तर काही तास नजरेखाली ठेवणं किंवा सीटी काढणं, दोन्ही त्यात बसतं. मान्य वाटांपैकी एक धरली म्हणून डॉक्टर निष्काळजी ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जेकब मॅथ्यू खटल्यात (२००५) सांगून ठेवलंय. त्या रात्री तुमच्या जागी मी असतो, तर मीच म्हटलं असतं, काढा सीटी.

दुसरा सीटी मात्र मला खटकतो. पहिला साफ, पोरगं शुद्धीवर, खातंय-पितंय, मग परत कशाला? याचं उत्तर केसपेपरात हवं. नर्सच्या नोंदींत 'रात्री २ वाजता पुन्हा उलटी, गुंगी' अशी एक ओळ जरी निघाली, तरी तुमची बाजू लंगडी पडेल. काहीच नसेल तर दवाखान्याला उत्तर द्यावं लागेल. म्हणून आधी लेखी अर्ज करून सगळे कागद मागा आणि तुमच्या प्रतीवर पोच घ्या. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारनियमांप्रमाणे ते ७२ तासांत द्यायचे असतात. नुसता रिपोर्ट नको, फिल्मही घ्या. मग दुसऱ्या न्यूरोसर्जनचं लेखी मत घ्या.

कोल्हापूरचे खेटे नकोत. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार चालते, म्हणजे तुमची बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेची ही रेघ एरवी आपल्या मुळावर येते, इथे चक्क तुमच्या सोयीची आहे! मराठी कागदांना इंग्रजी भाषांतर जोडा. दवाखान्याला दिलेले पैसे पाच लाखांच्या आत असतील तर फी नाही. मुदत दोन वर्षांची.

सीटीच्या किरणांमुळे पुढे काहीतरी होईल म्हणून लाखो रुपये मागू नका, ते टिकणार नाही. दुसऱ्या सीटीचं बिल आणि मनस्तापाचे थोडे पैसे, एवढंच तक्रारीआधी दवाखान्याला धाडायच्या नोटिशीत लिहा. एवढ्या रकमेचं प्रकरण बऱ्याचदा नोटिशीवरच मिटतं.