कळतं सगळं, उत्तर मात्र शाळेच्या भाषेत

प्रश्न : परदेशात येऊन चार वर्षं झाली. सात वर्षांच्या मुलीला आमची भाषा कळते, पण शाळा सुरू झाल्यापासून ती तिथल्याच भाषेत उत्तर देते. घरीही तीच बोला, असं बाई सुचवतात. काय करावं?

उत्तर : बाईंचं हे ऐकू नका. शाळेची भाषा वर्गात आणि मैदानावर येतेच. आईवडील मोडक्यातोडक्या परभाषेत बोलू लागले की घरातलं बोलणं आटतं. ‘जेव, आवर, झोप’ एवढंच उरतं.

भाषातज्ज्ञ ॲनिक डी हाउवर यांनी २००७ मध्ये बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातल्या, घरात दुसरी भाषाही बोलणाऱ्या सुमारे १,९०० कुटुंबांची पाहणी प्रसिद्ध केली. जवळपास चौथ्या हिश्शाच्या घरांत मुलं घरची भाषा बोलत नव्हती. आईवडील दोघंही तीच बोलत होते, तिथे मात्र बहुतेक सगळी मुलं बोलत होती. तेव्हा आधी तुमचं आपसातलं बोलणं तपासा.

मुलगी परभाषेत बोलली की ‘काय म्हणालीस?’ एवढंच विचारा. जमलं नाही, तर तिचंच वाक्य तुमच्या भाषेत प्रश्न करून परत द्या : ‘पाणी हवंय का?’ मग ‘हो’वर न थांबता वाक्य पुरं होऊ द्या. ती रडवेली असेल, शाळेतलं भांडण सांगत असेल, तेव्हा भाषेचा हट्ट सोडा.

घोडं अडतं ते शब्दांवर. दिवसभराच्या गोष्टींना तिच्याकडे शाळेचेच शब्द असतात. रोज पंधरा मिनिटं मोठ्याने वाचून दाखवा. आजीला फोनवर ‘कशी आहेस?’ विचारायला सांगू नका, एखादा खेळ शिकवायला सांगा. चुकांवर पाहुण्यांसमोर हसलात, तर ती महिनाभर तोंड उघडणार नाही.

प्रश्न : दवाखान्यात आमचा बारा वर्षांचा मुलगाच दुभाषा होतो. चालेल?

उत्तर : पाट्या, दुकान, बसची चौकशी इथवर ठीक. निदान, औषधाचं प्रमाण, शस्त्रक्रियेची संमती यांत नको. मुलं न कळलेला शब्द गाळतात, वाईट बातमी सौम्य करतात, आणि आईवडिलांचं दुखणं त्यांना आधी कळतं. वेळ ठरवतानाच दुभाषा मागा. अनेक ठिकाणी फोनवरून मिळतो. लक्षणं, ती कधीपासून आहेत, चालू औषधं आणि ॲलर्जी आधीच एखाद्या जाणत्या प्रौढाकडून कागदावर लिहून घ्या.