शब्द पाठ आहेत, पण तोंडातून निघत नाहीत

"मॅडम, मला इंग्रजी समजतं. वाचता येतं. पण बोलायला गेलं की शब्दच सापडत नाहीत. शब्दसंग्रह वाढवायला काय करू?"

समुपदेशक म्हणून हा प्रश्न मी इतक्या जणांकडून ऐकला आहे की पुढचं वाक्य काय असेल तेही आता मला ठाऊक असतं. कंपनीतल्या मीटिंगमध्ये गप्प बसणारे इंजिनिअर, लग्न होऊन परदेशी निघालेल्या मुली, मुलाखतीला जाणारे पदवीधर आणि गेल्या काही वर्षांत खूप मोठ्या संख्येने येणाऱ्या नर्सेस. प्रत्येकाच्या पिशवीत शब्दांची एक वही असते. आणि ती वही भरत जाते तसतसं बोलणं आणखीच आटत जातं. असं का होतं, ते शुभांगीच्या निमित्ताने सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिच्या परवानगीनेच लिहिते आहे.

शुभांगी पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात सर्जिकल वॉर्डला स्टाफ नर्स. शिक्षण सोलापूर जिल्ह्यातल्या मराठी शाळेत. आपल्याकडे २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं, त्यामुळे हिच्या पिढीने बारा-बारा वर्षं इंग्रजी शिकलेलं असतं. पण ते धडा वाचण्यापुरतं आणि प्रश्नोत्तरं पाठ करण्यापुरतं. वर्गात कुणी बोलायला लावलेलंच नसतं.

तिला ब्रिटनला जायचं होतं. तिथल्या नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीसाठी आयईएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेच्या ॲकॅडेमिक प्रकारात एकूण ७, ऐकणं, वाचणं, बोलणं या तिन्हींत प्रत्येकी किमान ७ आणि लेखनात ६.५ बँड (म्हणजे गुणश्रेणी) लागतो. पहिल्या प्रयत्नात तिला ऐकण्यात आणि वाचण्यात साडेसहा, लेखनात सहा आणि बोलण्यात साडेपाच मिळाले होते. निकालानंतर तिने कुणाशी बोलणं टाकलं, ड्यूटीवरही चुकून चूक होईल या धास्तीने इंजेक्शनचा डोस पुन्हा पुन्हा तपासू लागली, तेव्हा नवऱ्याने तिला माझ्याकडे आणलं.

तिची वही मी उघडून पाहिली. जाड दोनशे पानी. 'युबिक्विटस' (सर्वत्र आढळणारा), 'मेटिक्युलस' (काटेकोर), 'प्लेथोरा' (रेलचेल), 'बेनेव्होलंट' (परोपकारी), समोर सुवाच्य अक्षरात मराठी अर्थ. पानंच्या पानं. वाक्य एकही नाही.

"यातला कुठला शब्द तुम्ही आजवर कुणाशी बोलताना वापरलात?"

ती बराच वेळ पानं उलटत राहिली. "एकही नाही."

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती मानते आणि गेली अनेक वर्षं त्याच वाटेने काम करते. प्रसंग माणसाला जेवढा छळतो त्याहून जास्त त्या प्रसंगाबद्दल त्याने मनाशी धरलेली समजूत छळते, हा तिचा गाभा. त्यामुळे शब्द आठवत नाहीत असं कुणी सांगितलं की शब्द कसे वाढवायचे याकडे मी लगेच वळत नाही. न आठवण्याच्या त्या क्षणी मनात काय चाललेलं असतं, ते आधी विचारते.

शुभांगीच्या मनात काय चालायचं? काही वर्षांपूर्वी राउंडच्या वेळी मोठ्या डॉक्टरांनी पेशंटबद्दल इंग्रजीत विचारलं. ती म्हणाली, "पेशंट इज व्हॉमिटेड टू टाइम्स." मागे उभ्या असलेल्या शिकाऊ डॉक्टरांत खसखस पिकली. त्यानंतर राउंडला ती फाइल पुढे करायची आणि शेजारच्या सिस्टरला बोलू द्यायची. घरी जाऊबाई इंग्रजी माध्यमातून शिकलेल्या. त्या प्रेमानेच, पण प्रत्येक वाक्यात तिला दुरुस्त करायच्या. म्हणजे परीक्षेच्या खोलीत समोर परीक्षक एकच असला, तरी हिच्या डोक्यात अख्खा वॉर्ड आणि जाऊबाई बसलेल्या.

परकी भाषा बोलतानाची ही भीती नवी नाही. भाषाशिक्षणाच्या अभ्यासक इलेन हॉर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली तिचा स्वतंत्रपणे अभ्यास मांडला. हुशार, आत्मविश्वासाची माणसंसुद्धा दुसऱ्या भाषेत बोलताना आपण उघडे पडू या विचाराने गोठतात. आणि गोठलेल्या मनाला पाठ केलेलं आठवत नाही. मग माणूस घरी जाऊन आणखी शंभर शब्द पाठ करतो.

आता त्या दिवसाबद्दल, जेव्हा शुभांगीचं गाडं हललं.

आयईएल्ट्सच्या बोलण्याच्या परीक्षेत मधल्या भागात एक कार्ड देतात. एक मिनिट तयारी आणि एक ते दोन मिनिटं बोलायचं. मी विषय दिला, तुम्ही एखाद्याला मदत केली तो प्रसंग. तिने डोळे मिटले, ओठ हलवले, "आय ॲम अ बेनेव्होलंट पर्सन..." म्हणाली आणि थांबली. पुढे काहीच नाही. हात थरथरत होते.

मी कार्ड बाजूला ठेवलं. "राहू द्या. मागच्या नाइट ड्यूटीला काय झालं ते मला मराठीत सांगा."

ती सांगू लागली. हर्नियाचं ऑपरेशन झालेले एक आजोबा, गाव दौंडकडचं. रात्री दोन वाजता त्यांनी सलाइन उपसून टाकलं आणि घरी जातो म्हणून उठले. वॉर्डबॉय दरडावत होता. हिने त्याला थांबवलं, आजोबांच्या शेजारी बसली आणि विचारलं, घरी एवढं काय आहे? तर म्हैस व्यालेली, आणि ती दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. हिने त्यांच्या मुलाला व्हिडिओ कॉल लावला. रात्री दोनला तो गोठ्यात गेला, बॅटरीच्या उजेडात म्हैस दाखवली, रेडकू दाखवलं. आजोबांनी पुन्हा सुई टोचून घेतली आणि झोपले.

सांगताना तिचा चेहराच बदलला होता. मी म्हटलं, "आता हेच इंग्रजीत. मी तुमची जाऊ नाही. मला फक्त म्हशीचं काय झालं ते कळलं पाहिजे."

आणि ती बोलली. "ही वॉज नॉट अँग्री. ही वॉज वरीड अबाउट हिज बफेलो. शी हॅड अ न्यू बेबी." धार काढण्याला शब्द सापडेना. क्षणभर अडली, मग म्हणाली, "शी डझन्ट अलाउ एनिबडी एल्स टु टेक हर मिल्क." आणि पुढे गेली. काळ चुकले, एक-दोन ठिकाणी क्रियापद राहून गेलं. पण गोष्ट कुठे तुटली नाही. दोन मिनिटं केव्हाच उलटून गेली होती.

मी तिला सांगितलं, की तुमच्या वहीतला एकही शब्द यात नव्हता.

कुणीही इथे खूश होईल. शुभांगी खूश झाली नाही. तिचा चेहरा पडला. "पण हे साधं इंग्रजी झालं ना मॅडम. असं कुणीही बोलेल."

या वाक्यासाठीच मी थांबले होते. समुपदेशकाला अशा वेळी धीर देण्याचा मोह होतो. नाही हो, छानच बोललात, असं म्हणून विषय संपवता येतो. पण मग समजूत तशीच राहते. मी विचारलं, "साधं बोललं की काय होतं?"

"लोकांना कळतं, ही मराठी शाळेतली."

"तुम्ही मराठी शाळेतल्याच आहात."

"हो. पण म्हणजे... अडाणी समजतील."

"आणि समजले, तर?"

बराच वेळ शांतता. मग ती हळू आवाजात म्हणाली, "तर मी अडाणी होत नाही. आजोबांना मीच झोपवलं." आणि रडली. बऱ्याच दिवसांचं साठलेलं असावं. मी पाणी पुढे केलं आणि काही बोलले नाही.

तेव्हा मला जे स्पष्ट दिसलं, ते मी आता प्रत्येकाला सांगते. तिची ती वही शब्द शिकण्यासाठी नव्हतीच. आपली शाळा, आपलं गाव कुणाला दिसू नये म्हणून जमवलेला तो आडोसा होता. आडोशाला घेतलेले शब्द बोलण्याच्या कामी कधीच येत नाहीत. एरवी मी स्वतःच्या कामाबद्दल फारसं लिहीत नाही, पण त्या एका प्रश्नापाशी टिकून राहता आलं याचं मला समाधान आहे.

यानंतर अभ्यासाकडे वळलो. परीक्षेचे निकष उघड आहेत आणि विद्यार्थी तेच वाचत नाहीत, याचं मला नेहमी नवल वाटतं. बोलण्याचे गुण चार गोष्टींवर सारखे वाटलेले असतात. ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. शब्दसंपत्तीच्या निकषात नेमका शब्द सापडला नाही तर तोच अर्थ दुसऱ्या शब्दांत सांगता येतो का, हेही मोजलं जातं. शुभांगीने म्हशीच्या धारेचं केलं तेच. ज्याला ती आपली फजिती समजत होती, त्याला गुण आहेत. हे वाचून दाखवलं तेव्हा तिने मला ते पुन्हा वाचायला लावलं.

वरच्या बँडला कमी वापरातले शब्द लागतात, हे खरं. पण ते योग्य जागी, योग्य सोबतीच्या शब्दांसह आले पाहिजेत. म्हणून तिची वही आम्ही बदलली. शब्द आणि अर्थ अशी जोडी बंद. शब्द ज्या वाक्यात भेटला ते वाक्य, आणि खाली स्वतःच्या आयुष्यातलं एक वाक्य. 'मेटिक्युलस' ठेवला, कारण ड्रेसिंग करताना ती स्वतः तशीच आहे. 'प्लेथोरा' सोडून दिला. दिवसाला पाच-सहा शब्द पुरेत. दुसऱ्या दिवशी वाक्य झाकून शब्द आठवायचा, मग चार दिवसांनी, मग पंधरवड्याने. नुसतं पुन्हा पुन्हा वाचू नका, आठवा. पाठ केलेलं किती झपाट्याने विसरतं ते जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवून ठेवलं आहे, आणि अंतर राखून केलेली उजळणी त्यावर आजही सगळ्यात भरवशाचा उपाय आहे.

कुठले शब्द, हेही महत्त्वाचं. रोजच्या वापरातले दोनेक हजार शब्द पक्के असतील तर साध्या संभाषणातला बहुतेक भाग पदरात पडतो. वाचन-लेखनासाठी भाषा-अभ्यासक ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली तयार केलेली ५७० शब्दकुटुंबांची (एकाच मूळ शब्दापासून झालेली रूपं म्हणजे एक कुटुंब) यादी घ्या. शैक्षणिक मजकुरातला साधारण दहावा हिस्सा त्या शब्दांनी व्यापलेला असतो. बाजारात मिळणाऱ्या अवघड शब्दांच्या जाड पुस्तकांपेक्षा ही यादी कितीतरी कामाची.

पण भीतीचं काय? ती अभ्यासाने जात नाही, ती तिच्यात शिरूनच जाते. एलिस स्वतः तरुणपणी मुलींशी बोलायला घाबरत. १९ व्या वर्षी त्यांनी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स बोटॅनिकल गार्डनमध्ये महिनाभर रोज जाऊन बाकावर एकट्या बसलेल्या स्त्रियांशी मुद्दाम बोलणं काढलं. नकार भरपूर मिळाले, पण जगबुडी झाली नाही आणि भीती ओसरली. शुभांगीला मी गृहपाठ दिला, लक्ष्मी रोडवरच्या एखाद्या दुकानात जाऊन इंग्रजीत चौकशी करायची आणि वाक्यात एक चूक मुद्दाम राहू द्यायची. ती दोन आठवडे टाळत राहिली. मग गेली. दुकानदाराने साडीची किंमत सांगितली आणि दुसरा रंग दाखवला. एवढंच घडलं. पुढच्या आठवड्यात ती राउंडला स्वतः बोलली. डॉक्टरांनी एक प्रश्न विचारला, तो कळला नाही, तर "सॉरी सर, कॅन यू रिपीट?" म्हणाली.

घरच्यांसाठी एक सांगणं आहे. बोलणाऱ्याला वाक्याच्या मध्येच दुरुस्त करू नका. शुभांगीने जाऊबाईंना तसं स्पष्ट सांगितलं, आणि त्यांनी ऐकलं. आता रात्री ओटा आवरताना दोघी दहा मिनिटं इंग्रजीत बोलतात, चुका शेवटी पाहतात. आणि भीतीने झोप उडाली असेल, छातीत सतत धडधडत असेल, कामात लक्ष लागत नसेल, तर शब्दांच्या वह्या बाजूला ठेवून आधी तज्ज्ञांना भेटा.

दुसऱ्या प्रयत्नात तिला ऐकण्यात सात, वाचण्यात सात, लेखनात साडेसहा, बोलण्यात साडेसहा. एकूण सात, तरी बोलण्यात अर्धा बँड कमी. निकालाच्या संध्याकाळीच तिचा फोन आला. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "मॅडम, एक पूर्ण बँड वाढला. अर्धाच राहिलाय." मग तिने विचारलं, ओईटी द्यावी का?

ओईटी ही आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीची इंग्रजीची परीक्षा. तीही ब्रिटनच्या कौन्सिलला चालते, लेखनात सी प्लस आणि बाकी तिन्हींत बी श्रेणी लागते. बोलण्याच्या भागात उमेदवार नर्स होतो आणि समोरची व्यक्ती पेशंट किंवा नातेवाईक. लेखनात केसच्या नोंदींवरून ४५ मिनिटांत पत्र लिहायचं. पहिल्या भेटीत तिने हे विचारलं असतं तर मी थांबवलं असतं, कारण तेव्हा ते पळणं ठरलं असतं. आता मी लगेच हो म्हटलं.

तिने फॉर्म भरला आहे. जाऊबाई रोज रात्री पेशंट होतात, कधी औषध घ्यायला नकार देतात, कधी घरी जायचा हट्ट धरतात, आणि शुभांगी त्यांची समजूत काढते.