संकटाच्या काळात फाउंडेशनने शिकायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

तुम्ही विचारलंय की महासाथ, युद्ध, दुष्काळ अशी एकामागून एक जागतिक संकटं येत असताना अनुदान देणाऱ्या छोट्या फाउंडेशनने शिकत कसं राहायचं, बदलायचं कसं, आणि त्यासाठी 'लर्निंग'चा वेगळा विभाग काढावा का. विभागाचं आधी सांगून टाकते: इतक्यात नका काढू. मी एका फाउंडेशनमध्ये बरीच वर्षं मूल्यमापनाचं काम केलंय, म्हणजे तो विभाग मीच होते. माहितीचा तुटवडा मला कधी पडला नाही. ती कुणाच्या टेबलावर नेऊन ठेवली तर निर्णय बदलेल, हे मात्र कुणालाच सांगता यायचं नाही.

याचं मला माहीत असलेलं सगळ्यात बोचरं उदाहरण ऐंशी वर्षांपूर्वीचं आहे. रॉकफेलर फाउंडेशनच्या न्यू यॉर्कमधल्या प्रयोगशाळेत मॅक्स थायलर आणि सहकाऱ्यांनी पीतज्वरावरची १७डी लस तयार केली. थायलरना त्यासाठी १९५१ चं नोबेल मिळालं. लस टिकावी म्हणून तिच्यात माणसाच्या रक्तातलं सीरम घालत. ब्राझीलमध्ये याच फाउंडेशनची माणसं ही लस वापरत होती. लस घेतलेल्या काही लोकांना दोन-चार महिन्यांनी कावीळ होतेय, हे त्यांच्या ध्यानात आलं. संशय सीरमवर गेला आणि १९४० मध्ये त्यांनी तिथल्या लसीतून ते काढून टाकलं. न्यू यॉर्कला हे माहीत होतं. तरी तिथे सीरम घालणं सुरूच राहिलं, कारण युद्ध तोंडावर होतं, सैन्याला लाखो डोस पुरवायचे होते, आणि ब्राझीलचा पुरावा पुरेसा पक्का वाटत नव्हता. १९४२ मध्ये अमेरिकी सैन्यात काविळीची साथ आली. सुमारे ५० हजार सैनिक इस्पितळात गेले. कितीतरी वर्षांनी झालेल्या अभ्यासातून लागण झालेल्यांचा अंदाज ३ लाख ३० हजारांच्या घरात निघाला. सीरम बंद झालं ते १९४२ च्या एप्रिलमध्ये.

यातला एकही माणूस आळशी किंवा अडाणी नव्हता, म्हणून ही गोष्ट मला झोंबते. एकाच संस्थेच्या एका हाताला जे कळलं होतं, ते दुसऱ्या हाताने ऐकलं आणि बाजूला ठेवलं. घाईच्या दिवसांत 'आत्ता बदल नको' हे नेहमीच शहाणपणाचं वाटतं.

आमच्याकडे जीव जाण्यासारखं काही घडलं नाही, पण गोष्ट त्याच जातीची. २०२० च्या मध्यावर आरोग्यसेविकांना प्रशिक्षण देणाऱ्या एका संस्थेचा तिमाही रिपोर्ट आला. 'घेतलेली प्रशिक्षणं' या रकान्यात शून्य. 'अडचणी' या रकान्यात 'महासाथ' एवढा एकच शब्द. मी फोन केला. त्यांच्या समन्वयकाने सांगितलं की प्रशिक्षणाचे वर्ग बंद पडल्यावर आठवडाभरातच त्यांनी फोनवरून मदत सुरू केली होती. त्यातून त्यांना कळलं होतं की लोकांना आजारापेक्षा विलगीकरणाची जास्त भीती वाटतेय, म्हणून ते लक्षणं लपवतायत. त्या काळात याहून मोलाचं काही मी ऐकलं नव्हतं. हे रिपोर्टमध्ये का नाही लिहिलं, असं विचारलं तर म्हणाले, "मॅडम, तुमच्या फॉर्मात याला जागा कुठेय?"

पुढे आणखी खजील व्हायची वेळ आली. प्रवासाच्या हेडमधले, म्हणजे बजेटमध्ये प्रवासासाठी ठरवलेले, पैसे फोनच्या खर्चाला वळवण्याची परवानगी त्यांनी आमच्याकडे मागितली होती. ती द्यायला आम्हाला सात आठवडे लागले, कारण हेड बदलायचा अधिकार विश्वस्त मंडळाला आणि मंडळाची बैठक तीन महिन्यांतून एकदा. तोवर त्यांनी उधारीवर भागवलं.

त्यानंतर आम्ही तीन गोष्टी बदलल्या. मंजूर रकमेच्या आत हेड बदलायला परवानगीची अट काढली. एका मर्यादेपर्यंतच्या रकमेवर दोन विश्वस्तांनी तीन दिवसांत निर्णय द्यायचा, असं ठरवलं. आणि दर सोमवारी पाच संस्थांना फोन करून एक पानाची नोंद ठेवायला लागलो. पानाच्या डाव्या बाजूला काय ऐकलं, उजव्या बाजूला त्यामुळे आम्ही काय बदललं. पहिले दोन महिने उजवी बाजू जवळजवळ कोरी होती. ती कोरी पानं मी तशीच मंडळासमोर ठेवली. माझ्या कुठल्याही सादरीकरणाचा एवढा परिणाम झाला नव्हता.

अटी सैल करण्यात आम्ही एकटे नव्हतो. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतल्या 'काउन्सिल ऑन फाउंडेशन्स'ने एक जाहीर वचननामा काढला: अटी शिथिल करू, रिपोर्ट कमी मागू, संस्थांचं म्हणणं ऐकू. जवळजवळ ८०० फाउंडेशन्सनी त्यावर सही केली. त्याच वर्षी 'फास्ट ग्रँट्स' या कोविड संशोधनाला पैसे देणाऱ्या उपक्रमाने संशोधकांना अर्जानंतर ४८ तासांत निर्णय देऊन दाखवला. म्हणजे वेगाने देता येतं, यात शंका नको. संकट ओसरल्यावर जुना फॉर्म गुपचूप परत येतो, ही खरी भानगड आहे. मला माहीत असलेल्या दोन ठिकाणी तो आणखी लांब होऊन परतला! म्हणून सवलत देतानाच लिहून ठेवा की ती कोण, कधी तपासणार आणि कशावरून कायम करणार.

पैशाचंही आधीच ठरवून ठेवावं लागतं. कॉर्पसच्या, म्हणजे बाजारात गुंतवलेल्या मूळ निधीच्या, ठरावीक टक्क्यांनी खर्च करणाऱ्यांची पंचाईत अशी की बाजार कोसळला की कॉर्पस आटतो आणि नेमकी तेव्हाच गरज वाढलेली असते. फोर्ड फाउंडेशनने जून २०२० मध्ये त्यासाठी १ अब्ज डॉलर्सचे रोखे काढले. तुम्हाला रोखे काढता येणार नाहीत, पण कुठल्या परिस्थितीत नेहमीपेक्षा जास्त खर्च करायचा, हे शांत काळात ठरावात लिहिता येईल. ऐन संकटात हा विषय निघाला की मंडळ हटकून जपून वागतं.

आणि सगळं शिक्षण संकट चालू असताना होत नाही. पश्चिम आफ्रिकेत २०१४ ला इबोला पसरला तेव्हा माकडांवर यशस्वी ठरलेली लस कित्येक वर्षं नुसती पडून होती. ती साथीत माणसांना वाचवते का, याची चाचणी गिनीमध्ये २०१५ ला झाली, तोवर हजारो माणसं गेली होती. त्या चाचणीला पैसा देणाऱ्यांत आरोग्य संशोधनाला अनुदान देणारा ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट होता. वेलकम, गेट्स फाउंडेशन आणि काही सरकारांनी मिळून २०१७ मध्ये 'सेपी' उभी केली, साथ येण्याआधीच लसींवर पैसा लावण्यासाठी. २३ जानेवारी २०२० ला सेपीने नव्या कोरोनाविषाणूवरच्या लसींसाठी मॉडर्नासह तिघांना निधी जाहीर केला, तेव्हा जगात बहुतेकांना त्या विषाणूची गंभीर दखलही घ्यावीशी वाटली नव्हती. (लस बनल्यावर ती श्रीमंत देशांनी आधी उचलली. लस लवकर बनवण्याचा धडा घेतला गेला, वाटपाचा अर्धाच.)

तेव्हा माणूस नेमायचाच असेल तर मूल्यमापनाच्या पदवीपेक्षा दोन गोष्टी बघा. संस्थांची माणसं त्याच्याशी फोनवर मोकळं बोलतील का, आणि मंडळाच्या बैठकीत त्याला खुर्ची असेल का. दुसरीची तयारी नसेल तर तो पगार संस्थांना द्या. फोन तुम्ही स्वतः करा, सोमवारी, पाच.