‘सगळ्या तपासण्या एकदाच करून टाकू का?’

दोनदा गर्भ राहून गेला की घरात दोन प्रकारचे सल्ले सुरू होतात. काही जण म्हणतात, ‘होतं असं, पुढच्या वेळी टिकेल.’ काही जण म्हणतात, ‘सगळ्या तपासण्या करून टाका, काय ते एकदाचं कळू दे.’ माझ्याकडे येणारी बहुतेक जोडपी या दोन सल्ल्यांमध्ये ओढली गेलेली असतात. तपासण्या कधी करायच्या, कोणत्या करायच्या, आणि एवढं करून काहीच सापडलं नाही तर काय, हे तीन प्रश्न ती घेऊन येतात. त्यांचं उत्तर एका जोडप्याच्या अनुभवातून देते. त्यांची परवानगी घेतली आहे, नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही. पुढचे सगळे वैद्यकीय निर्णय त्यांच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी घेतले.

वैशाली तीस वर्षांची, निफाड तालुक्यातल्या एका पतसंस्थेत नोकरीला. नवरा प्रशांत सातपूरच्या कारखान्यात. पहिल्या वेळी सातव्या-आठव्या आठवड्यापर्यंत बाळाचे ठोके आलेच नाहीत. दुसऱ्या वेळी ठोके आले, घरात आनंद झाला, आणि दहाव्या आठवड्यात रक्तस्राव सुरू झाला. पिशवी साफ करावी लागली. ती पहिल्यांदा आली तेव्हा एकटीच होती, आणि तिच्या पिशवीत जाडजूड फाईल होती.

त्या फाईलमध्ये टॉर्च नावाची तपासणी तीनदा केलेली होती. टोक्सोप्लाझ्मा, रुबेला, सायटोमेगॅलो आणि हर्पिस या संसर्गांच्या प्रतिपिंडांची ही तपासणी आपल्याकडे गर्भपातानंतर सर्रास लिहून दिली जाते. वैशालीच्या रिपोर्टमध्ये ‘आयजीजी पॉझिटिव्ह’ असं ठळक छापलेलं होतं. त्यापायी तिनं औषधांचे कोर्स घेतले होते, आणि टोक्सोप्लाझ्मा मांजरांमुळे पसरू शकतो म्हणून घरातलं मांजर मामाच्या मळ्यावर सोडून आली होती. आयजीजी पॉझिटिव्ह याचा अर्थ तो संसर्ग कधीतरी, कदाचित लहानपणी, होऊन गेला आणि शरीरानं त्याच्याशी लढायची तयारी करून ठेवली आहे. असा जुना संसर्ग पुन्हा पुन्हा गर्भ पाडत नाही. म्हणूनच वारंवार होणाऱ्या गर्भपाताच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये ही तपासणी सुचवलेली नाही. जी तपासणी उपयोगाची नाही ती तीनदा झाली होती, आणि ज्या उपयोगाच्या आहेत त्यातली एकही झालेली नव्हती. प्रशांतची तर साधी रक्ततपासणीही कुणी सांगितली नव्हती. हे मला फार वेळा दिसतं आणि दर वेळी खुपतं, कारण यात पैसा तर जातोच, पण त्याहून जास्त बाईचा धीर खर्च होतो.

दुसऱ्या भेटीत मी तिला विचारलं, ‘तुम्हाला नक्की काय कळायला हवंय?’ ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘मॅडम, मी येवल्याला लग्नाला गेले होते. स्कूटीवरून. तिथून आले आणि रात्रीच अंगावरून जायला लागलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण त्यांनाही तेच वाटतं.’

‘का झालं’ या प्रश्नामागे ‘मी काय केलं’ हा प्रश्न लपलेला असतो, आणि त्याचं उत्तर कुठल्याच लॅबमध्ये मिळत नाही. वैशालीच्या बाबतीत मात्र ते तिच्या स्वतःच्या फाईलमध्येच होतं. रक्तस्रावानंतरच्या सोनोग्राफीत तारखेनुसार दहा आठवडे पूर्ण होत होते, पण बाळाचं माप साडेसात आठवड्यांचं होतं. मी तो कागद बाजूला काढला आणि तिच्या डॉक्टरांना विचारायला सांगितलं. त्यांनी तिला समजावलं, की बाळाची वाढ अडीच आठवडे आधीच थांबली होती. येवल्याचं लग्न त्यानंतर झालं. पोटातली वाढ थांबणं आणि रक्त दिसणं यात बऱ्याचदा असं अंतर असतं, म्हणून रक्त दिसलं त्या दिवशी बाई जे काही करत होती तेच कारण ठरतं. स्कूटी, जिना, पपई, दिवाळीची साफसफाई, नवऱ्याशी झालेलं भांडण. इतके महिने ती तारीख फाईलमध्ये पडून होती, तिला कुणी वाचून दाखवली नव्हती.

त्यानंतर प्रशांत येऊ लागला. तपासण्यांचं बोलणं तिथून पुढे सुरू झालं.

कधी करायच्या? एक गर्भपात झाल्यावर डॉक्टर ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हणतात ते बहुतेक वेळा बरोबरच असतं. सुरुवातीच्या महिन्यांत जाणाऱ्या गर्भांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांची संख्या चुकलेली असते, आणि ती चूक बहुधा त्या एका वेळेपुरती असते. दोनदा झालं की मात्र तपासणीचा आग्रह धरायला हरकत नाही. युरोप आणि अमेरिकेतल्या प्रजननतज्ज्ञांच्या संस्था दोन गर्भपातांनंतर तपासणीचा विचार करावा असं सांगतात. ब्रिटनमध्ये तीनाचा आकडा धरण्याची रीत आहे, पण ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं २०२१ साली छापलेल्या लेखमालिकेत तीनाची वाट पाहणं सोडून द्यावं, पहिल्या वेळेपासूनच टप्प्याटप्प्यानं काळजी घ्यावी, असं मांडलं गेलं. तेव्हा ‘अजून एकदा जाऊ दे, मग बघू’ असं कुणी म्हटलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं चुकीचं नाही.

कोणत्या करायच्या याची यादी लोकांना वाटते तेवढी लांब नाही. वैशालीच्या डॉक्टरांनी थायरॉइड आणि तीन महिन्यांची सरासरी साखर पाहिली. गर्भपिशवीत पडदा किंवा आकाराचा दोष आहे का हे थ्रीडी सोनोग्राफीनं पाहिलं. दोघांच्या गुणसूत्रांची कॅरिओटाइप तपासणी झाली, कारण नवरा-बायकोपैकी एकाच्या गुणसूत्रांत तुकड्यांची अदलाबदल झालेली असेल तर ती व्यक्ती ठणठणीत असते, पण गर्भात हिशेब चुकतो. हे मोजक्याच जोडप्यांत सापडतं, त्यामुळे ही तपासणी सगळ्यांनाच लागते असं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाची, अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडांची. यात आईच्या रक्तातली प्रतिपिंडं गुठळ्या करतात आणि वार नीट रुजू देत नाहीत. हे कारण महत्त्वाचं अशासाठी, की त्यावर उपचार आहे: कमी मात्रेचं अ‍ॅस्पिरिन आणि गुठळ्या होऊ न देणारी हेपॅरिनची इंजेक्शनं.

वैशालीच्या या शेवटच्या तपासणीत एक प्रतिपिंड किंचित वाढलेलं निघालं. ती जवळजवळ आनंदानंच आली. ‘सापडलं, मॅडम!’ तिच्या मावसबहिणीला हीच इंजेक्शनं देऊन मुलगा झाला होता. पण ही तपासणी एकदा करून चालत नाही. साध्या तापानंतरही ही प्रतिपिंडं काही काळ वाढतात, म्हणून किमान १२ आठवड्यांनी ती पुन्हा करावी लागते, आणि दोन्ही वेळा पॉझिटिव्ह आली तरच निदान होतं. ते १२ आठवडे फार कठीण गेले. ‘नुसतीच दिली इंजेक्शनं तर काय बिघडतं?’ असं प्रशांत डॉक्टरांना विचारत होता. डॉक्टरांनी त्याला सांगितलं, की हे करून पाहिलेलं आहे: नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कारण न सापडलेल्या बायकांना अ‍ॅस्पिरिन आणि हेपॅरिन देऊनही मूल होण्याचं प्रमाण वाढलं नाही. रोज पोटात सुई टोचून घेणं हा इलाज तेव्हाच, जेव्हा आजार असतो.

दुसरा रिपोर्ट निगेटिव्ह आला. बाकी सगळं नॉर्मल होतंच.

त्या दिवशी ती जितकी रडली तितकी आधी रडली नव्हती. ‘काहीतरी निघायला हवं होतं. आता मी कशावर गोळी घेऊ?’ घरचे म्हणत होते, सगळं नॉर्मल आहे तर रडतेस कशाला, पेढे वाट. तिला मात्र वाटत होतं की दार बंद झालं. मी तिला समजावायला गेले नाही, आधी तिला रडू दिलं. दोष सापडावा अशी तिची इच्छा होती, कारण दोषावर उपाय असतो, आणि ‘काही नाही’ म्हटलं की पुन्हा संशय स्वतःवरच येतो. ही भावना अगदी साहजिक आहे आणि ती घाईनं पुसून टाकू नये.

पुढच्या भेटीत आम्ही तिघांनी बसून ‘काही सापडलं नाही’ याचा अर्थ काय होतो ते पाहिलं. तपासणी करणाऱ्या जोडप्यांपैकी निम्म्या किंवा त्याहून जास्त जोडप्यांत कारण सापडत नाही. ब्रिटन आणि नेदरलँड्समध्ये ८३६ बायकांवर झालेला एक मोठा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. कारण न सापडलेले तीन किंवा अधिक गर्भपात झालेल्या या बायका होत्या. अर्ध्यांना गर्भ राहिल्यावर प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गर्भ टिकवायला मदत करणारं संप्रेरक, दिलं, अर्ध्यांना औषध नसलेली तशीच गोळी. औषधानं म्हणावा असा फरक पडला नाही. पण औषध न मिळालेल्यांपैकीही ६३ टक्के बायकांना मूल झालं. हा आकडा प्रशांतनं मला दोनदा म्हणायला लावला. ‘म्हणजे काही न करताही?’ हो. नॉर्मल रिपोर्ट म्हणजे उपाय नाही असं नव्हे, तर पुढच्या गर्भाला चांगली संधी आहे असं सांगणारा तो कागद आहे.

तिसरा गर्भही आठव्या आठवड्यात गेला. हे मी लपवत नाही, कारण वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी बाबतीत हे झालेलं असेल. संधी चांगली असणं आणि खात्री असणं यात फरक आहे, आणि तो वैशालीच्या वाट्याला आला.

या वेळी एक गोष्ट वेगळी झाली. पिशवी साफ करण्याआधीच डॉक्टरांशी बोलून पडलेल्या गर्भाचा नमुना गुणसूत्रांच्या तपासणीला पाठवायचं ठरलं होतं. ज्यांना आज, उद्या या प्रसंगातून जावं लागणार आहे त्यांनी हे आधी बोलून ठेवावं. नेहमीची तपासणी असते तिचा नमुना फॉर्मलिनमध्ये जातो, गुणसूत्रांसाठीचा मात्र निर्जंतुक सलाइनमध्ये किंवा लॅबनं दिलेल्या द्रवात ठेवावा लागतो. एकदा फॉर्मलिनमध्ये पडला की ही तपासणी नीट होत नाही, आणि गेलेला नमुना परत मिळत नाही. त्याच वेळी आपला रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनचंही विचारावं, रक्तगटातल्या फरकाचा त्रास पुढच्या गर्भाला होऊ नये म्हणून ते देतात.

मायक्रोअरेचा, म्हणजे गर्भाच्या गुणसूत्रांच्या त्या तपासणीचा, रिपोर्ट आला: सोळावं गुणसूत्र दोनाऐवजी तीन. असा गर्भ वाढू शकत नाही. पहिल्या दोन वेळी काय झालं होतं हे त्यातून कळत नाही, डॉक्टरांनी तेही स्पष्ट सांगितलं. आईबापांची गुणसूत्रं ठीक असल्यामुळे हे पुन्हा होईलच असंही नाही.

वैशालीनं रिपोर्टची झेरॉक्स काढून सासूबाईंना दिली. त्या एकदा तिच्यासोबत आल्या. त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करावा असं त्यांच्या मनात होतं, त्यांनी मला सरळच विचारलं. मी म्हणाले, मनाला बरं वाटत असेल तर करा, पण डॉक्टरांची तारीख त्यासाठी पुढे ढकलू नका, आणि सुनेच्या हातून काही पाप झालं म्हणून करतोय असं तिला वाटू देऊ नका. त्यांनी मान हलवली आणि दुसरा प्रश्न विचारला: आता तिनं स्कूटी चालवायची की नाही? चालवायची, असं डॉक्टरांनी सांगितल्याचं वैशालीनंच त्यांना सांगितलं.

पहिल्या दोन वेळी तिनं कार्यालयात ताप आल्याचं सांगून बिनपगारी रजा घेतली होती. गर्भपात झाल्यास सहा आठवड्यांची पगारी रजा मिळते, १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यापासून ही तरतूद आहे. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या ठिकाणी, मागच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असेल तर ती मागता येते. या वेळी तिनं डॉक्टरांचा दाखला जोडून खरं कारण लिहून अर्ज केला आणि रजा मंजूर झाली.

पुढचा गर्भ राहिला की काय करायचं हे त्यांनी डॉक्टरांशी बोलून कागदावर लिहून ठेवलं आहे. चाचणी पॉझिटिव्ह आल्या आठवड्यातच फोन, साडेसहा-सात आठवड्यांना पहिली सोनोग्राफी, मग तिसरा महिना संपेपर्यंत दर दोन आठवड्यांनी, दर वेळी त्याच डॉक्टरांकडे. रक्त दिसलं तर वाट न पाहता जायचं, कारण प्रोजेस्टेरॉन सरसकट देऊन फरक पडला नसला, तरी आधी गर्भपात झालेल्या बाईला रक्तस्राव सुरू झाला तर त्याचा उपयोग होऊ शकतो. सध्या दोघांनी काही महिने थांबायचं ठरवलं आहे. वैशालीची फॉलिक अ‍ॅसिडची गोळी चालू आहे. प्रशांतची तंबाखू अजून सुटलेली नाही, त्यासाठी तो माझ्याकडे वेगळा येतो.